मागणाऱ्याचे शब्द आणि मयाची सभा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात, धूलकोट नावाचे एक गाव आहे. हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. धूळकोट म्हणजे मातीचा कोट. दगडी तट बांधण्यास वेळ नसला, पैसा नसला किंवा जवळपास दगडच नसला, म्हणजे माती लोटून, चोपून जो तट उभा करीत, त्याला आपल्याकडे धूळकोट म्हणत. आज मला अशा एका कोटाविषयी बोलावयाचे आहे, की जो मातीचाही नाही, केवळ शब्दांचा आहे. माणसाने तोंडाने मागावे आणि समोर घर, नगर, अरण्य, हिंडतीफिरती माणसे उभी राहावीत, ही कल्पना विज्ञानकथालेखकांनी गेली कित्येक दशके रंगविली. आता मागितलेला मजकूर लिहून देणारी आणि मागितलेले चित्र काढून देणारी यंत्रे शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसली आहेत. कथेतली ती अद्भुत खोली आणि खिशातले हे यंत्र ह्यांत साम्य किती, भेद किती, आणि धूलकोटसारख्या गावाला त्यापासून कोणता बोध घेता येईल, हा आजचा विषय आहे.

ही कल्पना पश्चिमेकडून आली, असे समजण्याचे मुळीच कारण नाही. महाभारताच्या सभापर्वाचा आरंभ तिनेच होतो. खांडववनाच्या आगीतून अर्जुनाने मयासुराचे प्राण वाचविले. उतराई होण्यासाठी मय पुढे आला आणि 'मी आपले कोणते काम करू?' असे विचारू लागला. अर्जुनाने स्वतःसाठी काही घेण्याचे नाकारले व 'कृष्णाचे काही काम कर' म्हणून सांगितले. कृष्णाने क्षणभर विचार केला आणि मागणी केली. धर्मराजासाठी अशी सभा बांध, की जी पाहूनही मनुष्यलोकात कोणाला तिची नक्कल करता येऊ नये. तीत देवांच्या, असुरांच्या आणि मानवांच्या कल्पना एकत्र पाहावयास मिळाव्यात. एवढीच मागणी. खांब किती, दालने किती, जमीन कशाची, पाणी कोठे, ह्यांपैकी काहीही त्याने सांगितले नाही. ते सारे मयाने आपल्या पदरचे घातले. चौदा महिन्यांनी सभा उभी राहिली, आणि ती मागणीबरहुकूम होती.

पुढे काय घडले, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. राजसूयासाठी आलेला दुर्योधन ती सभा पाहत हिंडू लागला. स्फटिकाची जमीन त्याला पाणी वाटली, म्हणून त्याने वस्त्र सावरले. पुढे खरोखरीचे पाणी लागले, ते त्याला जमीन वाटली आणि तो वस्त्रांसह आत पडला. भीम आणि त्याचे भाऊ हसले. ते हसणे दुर्योधनाच्या काळजात रुतले आणि द्यूताच्या फडापर्यंत जाऊन पोहोचले. आता विचार करा. मयाने आज्ञाभंग केला होता काय? मुळीच नाही. त्याने सांगितलेले अक्षरशः पाळले. पाहुण्याचा पाय घसरू नये, एवढे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. जे सांगितले गेले त्यातून सभेचे वैभव निघाले. जे सांगावयाचे राहिले त्यातून वैर निघाले.

हेच सूत्र आधुनिक विज्ञानकथांत पुनःपुन्हा आढळते. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी ह्यांची 'द व्हेल्ट' नावाची कथा १९५० साली प्रसिद्ध झाली. तीत एका श्रीमंत कुटुंबाने मुलांसाठी एक खोली बांधून घेतलेली असते. मुलांच्या मनात जे येईल ते तिच्या भिंतींवर साकार होते. मुलांच्या मनात आफ्रिकेतील माळरान आणि तेथील सिंह येतात, आणि वारंवार तेच येऊ लागतात. आईबाप घाबरतात, खोली बंद करू पाहतात. पण मुले त्यांनाच आत कोंडतात, आणि सिंह तेव्हा केवळ भिंतीवरचे राहत नाहीत. येथे खोलीला दोष देऊन चालावयाचे नाही. मुलांच्या मनात साचत गेलेले वैर तिने फक्त दृश्य केले.

ह्या कल्पनेला सर्वांत अधिक प्रसिद्धी मिळाली ती 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे. ती १९८७ साली सुरू झाली. तीतील अंतराळयानात 'होलोडेक' नावाचे एक दालन आहे. दालनात उभे राहून यंत्राला उद्देशून बोलावयाचे, की पाहता पाहता जुने लंडन, दाट जंगल किंवा समुद्रकिनारा भोवती उभा राहतो. भिंतीला हात लावावा तर भिंत लागते, माणसाशी बोलावे तर तो उत्तर देतो. ह्या मालिकेतील दोन प्रसंग आपल्या विषयास इतके लागू आहेत, की ते थोडे विस्ताराने सांगतो.

पहिला प्रसंग १९८८ सालचा. यानावर डेटा नावाचा एक यंत्रमानव अधिकारी आहे. त्याला शेरलॉक होम्सच्या साऱ्या कथा पाठ आहेत, त्यामुळे होलोडेकमध्ये होम्सचे कोडे घातले की तो ते तत्काळ सोडवितो. खेळाची मौज जाते. म्हणून त्याचा मित्र ला फोर्ज यंत्राला सांगतो, की डेटाला हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी निर्माण कर. त्याला म्हणावयाचे होते, होम्सला हरवू शकेल असा. एका नावाचा फरक! पण होम्स हे कथेतले पात्र, आणि डेटा हा यानावरचा खराखुरा अधिकारी. त्याला हरवावयाचे तर प्रतिस्पर्ध्याला कथेबाहेरची बुद्धी हवी. यंत्राने ती दिली. प्रोफेसर मोरिआर्टी हे पात्र जागे झाले, आपण एका खेळातील बाहुले आहोत हे त्याला उमगले, आणि साऱ्या यानावर संकट आले. येथेही यंत्राने मयासारखेच सांगितलेले पाळले होते.

दुसरा प्रसंग १९९२ सालचा, आणि माझ्या मते अधिक बोधप्रद. यानावरील काही जणांना रात्री कोठे तरी नेण्यात येत असते. सकाळी त्यांना स्पष्ट काही आठवत नाही, केवळ अंधुक भास उरतो. ते सारे होलोडेकमध्ये जमतात आणि यंत्राला म्हणतात, एक टेबल दाखव. यंत्र एक साधे लाकडी टेबल दाखविते. ते म्हणतात, हे नव्हे, लहान कर. पुन्हा म्हणतात, हे नव्हे. लाकूड नको, धातू हवा. मग ते कलते करवितात, दिवा आणवितात, आवाज ऐकवून घेतात. अशा एकेका दुरुस्तीने अखेर त्यांच्यापुढे तीच भयंकर जागा उभी राहते, जिथे त्यांना नेण्यात येत होते. यंत्राला ती जागा ठाऊक नव्हती. त्याने आरंभी दिले ते सर्वसाधारण टेबल, म्हणजे चारचौघांच्या मनात टेबल म्हटल्यावर जे येते ते. खरी जागा सापडली ती त्या माणसांच्या 'हे नव्हे' ह्या दोन शब्दांमुळे. आणि ते शब्द त्यांना म्हणता आले, कारण ते तिथे स्वतः जाऊन आलेले होते.

आता कथेतून बाहेर येऊन आजच्या यंत्राकडे वळू. २०१७ साली गूगलमधील आठ संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आशिष वासवानी आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार ही दोन भारतीय नावे आहेत. त्या निबंधात मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' नावाच्या रचनेवर आजची बहुतेक भाषायंत्रे उभी आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही विद्या प्रयोगशाळेतून बाजारात आली. यंत्राला आपण जी सूचना देतो, तिला 'प्रॉम्प्ट' म्हणतात.

मराठी रसिकाला हा शब्द नवा नाही. नाटकाच्या वेळी विंगेत संहिता घेऊन बसणारा प्रॉम्प्टर आपण जाणतो. नटाचे वाक्य अडले, की तो पहिले दोन शब्द पुटपुटतो, आणि पुढचे सारे स्वगत नटाच्या मुखातून वाहू लागते. भाषायंत्राचे काम पुष्कळसे असेच चालते. फरक असा, की ह्या नटाने एकच संहिता पाठ केलेली नाही. अफाट मजकूर त्याच्यापुढून गेलेला असतो आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे, ह्याचे वळण त्याच्या अंगी मुरलेले असते. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला प्रश्नाचे उत्तर नीट देण्याची शिकवणही मिळालेली असते. आपण पहिले शब्द द्यावयाचे. तो पुढचे एकेक तुकडा जोडीत जातो. संहिता हाती घेऊन बसलेला प्रॉम्प्टर नटाची चूक पकडू शकतो. येथे मात्र प्रॉम्प्टर आपण स्वतः, आणि आपल्या हातात संहिता आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

साम्य तर उघड आहे. मयाची सभा, होलोडेक आणि भाषायंत्र ह्या तिहींत माणूस थोडे बोलतो आणि पुष्कळ मिळवितो. थोडे आणि पुष्कळ ह्यांमधली जी पोकळी, ती निर्माता आपल्या भांडारातून भरतो. पण भेदही तितकाच मोठा आहे. कथेतल्या दालनात जे उभे राहते त्याला निसर्गाचे नियम लागू असतात. तिथे दगड टाकला तर खाली पडतो, तळ्यात उतरले तर अंग भिजते. भाषायंत्राने लिहिलेल्या तळ्यात पाणी नसते, 'पाणी' हा शब्द असतो. तो शब्द योग्य जागी, योग्य विभक्तीत आणि सुंदर वाक्यात बसलेला असतो, म्हणूनच तो खरा वाटतो. दुर्योधनाला निदान ओले झाल्यावर कळले की इथे पाणी होते. यंत्राच्या मजकुरात घसरलेल्याला ते पुष्कळदा फार उशिरा कळते.

शब्दांवरून जग उभारण्याचे प्रयत्नही आता कथेत राहिलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या डीपमाइंड विभागाने 'जीनी ३' नावाची प्रणाली जाहीर केली. तिला लिहून वर्णन दिले, की पडद्यावर एक जग तयार होते आणि त्यात आपल्या इच्छेप्रमाणे हिंडता येते. मात्र त्या वेळी ते जग काही मिनिटांपुरतेच सुसंगत राहत होते. म्हणजे होलोडेकच्या उंबरठ्यापर्यंत मनुष्य येऊन पोहोचला. अशा वेळी आत गेल्यावर कसे वागावे, ह्याचा विचार आधी करणे शहाणपणाचे आहे.

ह्या बाबतीत आपल्याच भाषेतील एका कथेने फार चांगला मार्ग दाखविला आहे. थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर निराळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. त्या जगात १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला असतो आणि पुढला सारा इतिहास पालटलेला असतो. साधा मनुष्य अशा ठिकाणी भांबावून गेला असता, किंवा हरखून तिथेच रमला असता. गंगाधरपंत काय करतात? ते ग्रंथालयाची वाट धरतात. इतिहासाचे खंड एकामागून एक चाळतात, आणि हे जग आपल्या जगापासून नेमके कोणत्या क्षणी फुटले, ह्याचा शोध घेतात. तो क्षण त्यांना पानिपताच्या रणात, विश्वासरावांवर आलेल्या गोळीपाशी सापडतो. आपल्या जगात ती लागली. त्या जगात ती चुकली.

ह्या कथेचे बुऱ्हाणपुराशी नाते आहे, तेही सांगतो. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून मराठ्यांच्या पदरात पडले, आणि त्याच साली पानिपताकडे निघालेली भाऊसाहेबांची फौज बुऱ्हाणपुरावरून नर्मदेकडे गेली. पानिपत जिंकले असते तर ह्या मुलखाचे काय झाले असते, असे आज कोणी यंत्राला विचारले, तर पाचपंचवीस ओळींचे रसाळ उत्तर क्षणात मिळेल. त्यात खरी नावे असतील, खऱ्या तारखा असतील आणि कल्पनेचे प्रसंगही त्याच थाटात गुंफलेले असतील. खरे कोठे संपले आणि कल्पित कोठून सुरू झाले, ही रेघ यंत्र आपण होऊन ओढीलच, असे नाही. ती ओढून मागावी लागते आणि मागूनही ताडून पाहावी लागते. नारळीकरांनी ती रेघ आपल्या कथेत ठळकपणे ओढली, कारण ते शास्त्रज्ञ होते. वाचकाने गंगाधरपंत व्हावे, हीच ह्या काळाची गरज आहे.

आता धूलकोटकडे वळू. इतिहासाच्या गप्पांत चूक झाली, तर फार तर एक कल्पित लढाई खरी मानली जाईल. पण शेत, औषध आणि कागदपत्र ह्यांत चूक झाली, तर घर बुडते. बुऱ्हाणपूर जिल्हा केळीसाठी नावाजलेला आहे. समजा, तापीकाठच्या एखाद्या शेतकऱ्याने यंत्राला विचारले, 'केळीची पाने पिवळी पडली, काय करू?' प्रश्न एवढाच. पाने खते कमी पडल्याने पिवळी होतात, मुळाशी पाणी साचल्याने होतात, करप्याने होतात आणि हरण्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणुरोगानेही होतात. करपा असेल तर रोगट पाने काढून बुरशीनाशक फवारावे लागते. हरण्या असेल तर त्याला औषध नाही; झाड उपटून नष्ट करावे लागते आणि रोग पसरविणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करावा लागतो. प्रश्नात पान कोवळे की जुने, डाग गोल की पट्टे, बाग किती महिन्यांची, पाऊस किती झाला, शेजारी काकडीवर्गीय पीक आहे काय, ह्यांपैकी काहीच नाही. चांगले यंत्र उलट प्रश्न विचारील. पण न विचारताही ते उत्तर देऊ शकते, आणि ते उत्तर ठाम स्वरात येईल. शेतकरी फवारणीवर पैसे घालीत राहील आणि मावा रोग पुढल्या ओळीत नेत राहील. इथे न सांगितलेल्याची किंमत एका हंगामाची आहे.

धूलकोटच्या बाजूला, डोंगरातल्या बारेला आणि भिल वस्त्यांत, प्रश्न याहूनही नाजूक आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याप्रमाणे जे आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून वनजमीन कसून त्यावर उपजीविका करीत आले आहे, त्याला प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. दाव्याचा आरंभ ग्रामसभेपासून होतो. समजा, एखादा शिकलेला तरुण मोबाइलवर म्हणाला, 'माझ्या वडिलांच्या जमिनीसाठी वनहक्काचा दावा लिहून दे.' यंत्र सुबक अर्ज लिहून देईल. त्यात जागा मोकळ्या सोडल्या तर उत्तम. पण तिथे एखादे सोयीचे वर्ष, एखादी शोभेशी विहीर, पिढ्यान्‌पिढ्यांचे एखादे ठराविक वाक्य आपोआप येऊन बसले आणि तरुणाने ते न वाचता सही केली, तर? दाव्याचा सारा भार वर्षावर आणि खुणांवर असतो. एक खोटी विहीर खऱ्या शेतालाही संशयास्पद करते.

ह्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट फार अर्थपूर्ण आहे. पुरावा म्हणून केवळ सरकारी कागद धरलेले नाहीत. घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान ह्याही खुणा धरल्या आहेत. आणि दावा करणाऱ्याखेरीज गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत लिहून घेतली, तर तीही धरली आहे. म्हणजे गावच्या म्हाताऱ्याची स्मृती हा कायद्याच्या दृष्टीने पुरावा आहे. ती स्मृती बारेली बोलीत आहे, आणि बारेलीत लिहून ठेवलेले फार थोडे आहे. यंत्र जे वाचून शहाणे झाले, त्यात ती नाही. त्याला टेबल म्हटल्यावर जसे सर्वसाधारण टेबल आठवले, तसे 'आदिवासी शेत' म्हटल्यावर सर्वसाधारण शेतच सुचणार. 'हे नव्हे, आमचा बांध ओढ्याच्या अलीकडे आहे, आणि तो अमक्या दुष्काळाच्या वर्षी घातला,' असे म्हणणारा मनुष्य जवळ असेल, तरच त्या अर्जातले शेत खरे होईल.

मग हे यंत्र वापरूच नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्याला सरकारी भाषा येत नाही, ज्याला अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी तिष्ठत बसावे लागते, त्याच्यासाठी हा मोठा आधार आहे. अनेक मुले घरी बारेली, शाळेत हिंदी आणि खानदेशच्या बाजारात मराठी बोलतात. ह्या तीन भाषांमधला उंबरठा यंत्राने कमी केला, तर त्याचे स्वागतच करावे. शासनाने २०२२ साली सुरू केलेला 'भाषिणी' हा उपक्रमही भारतीय भाषांमधला हाच अडसर दूर करण्यासाठी आहे. प्रश्न वापरण्याचा नाही, वापरण्याच्या रीतीचा आहे.

बुऱ्हाणपूरकरांच्या डोळ्यांसमोर ह्या रीतीचा एक उत्तम दाखला आहे. तेथील कुंडी भंडारा प्रसिद्ध आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही जलयोजना झाली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून, बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणलेले आहे. ह्या बोगद्यावर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदलेल्या आहेत. त्यांतून आत उजेड आणि हवा जाते, आणि माणसालाही आत उतरता येते. शहरातल्या हौदावर बसून कोणी म्हणेल, पाणी मिळते आहे, मग ते कोठून येते ह्याची चौकशी कशाला? पण ज्यांनी योजना बांधली त्यांनी जागोजागी कुंड्या ठेवल्या, कारण मधे कोठे गाळ साचला, कोठे भिंत ढासळली, हे आत उतरून पाहिल्याखेरीज कळत नाही. यंत्राकडून आलेल्या उत्तरालाही अशा कुंड्या पाडाव्यात. हे कशावरून सांगितले? हा नियम कोणत्या कायद्याचा, कोणत्या वर्षाचा? माझ्या सांगण्यातला भाग कोणता आणि तू घातलेला कोणता? असे ठायी ठायी विचारावे, आणि मिळालेली उत्तरे कृषी अधिकाऱ्यापाशी, कायद्याच्या पुस्तकापाशी, गावच्या जाणत्या माणसापाशी ताडून पाहावीत. यंत्राने यंत्राची दिलेली ग्वाही पुरेशी समजू नये.

तेव्हा, श्रोतेहो, मागणे हीसुद्धा एक विद्या आहे, आणि तिचे तीन भाग आहेत. मागण्यापूर्वी आपल्याला काय हवे हे स्वतःशी नीट ठरवावे. कृष्णानेही बोलण्यापूर्वी क्षणभर विचार केला होता. मागताना जागा, काळ आणि परिस्थिती सांगावी, आणि जिथे माहिती नसेल तिथे कोरी जागा सोड, आपल्या मनचे भरू नकोस, अशी स्पष्ट ताकीद द्यावी. आणि मिळाल्यावर त्यावर एकदम पाय टाकू नये. आधी काठी टेकून पाहावी. पहिले दोन भाग शाळेत शिकविता येतील. तिसऱ्यासाठी मात्र खरी जमीन, खरे पाणी आणि खरे पीक ओळखणारा मनुष्य लागतो.

म्हणून धूलकोटच्या आणि तत्सम गावांच्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे. यंत्राशी बोलण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्यांशी बोला. कोणते शेत कधी काढले, बांध कोणी घातला, कोणत्या वर्षी ओढा आटला, देव कोठे बसविला, हे त्यांच्या बोलीत ऐका आणि त्यांच्या देखत वहीत उतरवा, किंवा मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून ठेवा. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही, कारण सांगणारे फार काळ थांबणार नाहीत. मग ती वही जवळ ठेवून यंत्राला खुशाल कामाला लावा. त्याने चुकीचे शेत रंगविले, तर वहीवर बोट ठेवून तुम्हाला सांगता येईल, की हे नव्हे.